चौथा बोल्ट

आमच्या गॅरेजमध्ये एका नियमाबद्दल तोंड उघडायचं नाही: जुन्या ट्रकचा रेडिएटर बदलायचा नाही. गळला तर चिरेवर शिशाचा डाग द्या, पाणी भरा, चालवा. का, असं विचारलं की काका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, हातातला पाना खाली ठेवायचे आणि निघून जायचे. इंजिनियरिंगची चार वर्षं काढून मी परत आले, तरी उत्तर तेच. खाली ठेवलेला पाना.

ट्रक बाबांचा. मी नऊ वर्षांची असताना घाटात रेडिएटर उकळला, बाबांनी झाकण उघडलं आणि उकळतं पाणी त्यांच्या अंगावर आलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्यांची एक सवय होती. बोल्ट पूर्ण आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. रेघ म्हणजे हा तपासलाय, आता हात लावू नका. त्यांच्यानंतर कुणी रेघ ओढली नाही. रंगाची बाटली फळीवर वाळून दगड झाली.

त्याच ट्रकवर आता माझा दादा होता. आणि रेडिएटर तोच.

गेल्या नोव्हेंबरच्या चौदा तारखेला, शुक्रवारी, मी नवा रेडिएटर टेम्पोतून आणून गॅरेजच्या मधोमध उतरवला. दादाला पहाटे पाचला माल घेऊन घाट चढायचा होता आणि जुन्याच्या खालच्या टाकीला नवी चीर गेली होती. आमचे म्हातारे वेल्डर डाग द्यायला बसलेच होते. अकरावा डाग. मी म्हटलं, यात आता रेडिएटर कमी आणि तुमचं शिसं जास्त आहे. ते हसले नाहीत.

काकांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि मला आणि दादाला समोर बसवलं. रात्रीचे सव्वानऊ झाले होते. म्हणाले, आज ऐकूनच घे. माझ्या ओळखीचा एक मिस्त्री होता.

त्याच्याकडे एक ट्रक उभा होता. ट्रकचा मालक सोळा दिवसांपूर्वी भाजून गेलेला. मिस्त्रीनं ठरवलं, हा रेडिएटर काढून टाकायचा. घरचे झोपल्यावर एकटाच कामाला लागला. पाणी काढलं, वरखालचे पाइप सोडले, पंख्याचं कव्हर उतरवलं. जुना बाहेर, नवा आत. बारा वाजून दहा मिनिटांनी तीन बोल्ट बसले होते. चौथा आडव्या पट्टीच्या मागे. तिथं उजेड पोचेना. तो खाली आडवा पडून, बॅटरी दातात धरून चाचपडत होता.

कुणीतरी दातातली बॅटरी काढून घेतली. उजेड बरोबर बोल्टवर धरला.

मिस्त्रीला वाटलं, वेल्डर आला. म्हणाला, जरा डावीकडे. उजेड सरकला. खाली. सरकला. मग त्यानं सांगायच्या आधीच उजेड पुढच्या जागी जायला लागला. इतका नेमका उजेड एकच माणूस धरायचा...

काका थांबले. वेल्डरचा स्टोव्ह तेवढा फुसफुसत होता.

"मग?" दादानं विचारलं.

मिस्त्री म्हणाला, कोण आहे. उत्तर नाही. उजेड हलला नाही. मागे थेंब पडायला लागले. टप. टप. रेडिएटर तर रिकामा होता... एक थेंब मानेवर पडला. उकळता.

काकांचा हात कॉलरखाली गेला. तिथं भाजल्याचा पांढरा डाग आहे. तो मी लहानपणापासून पाहतेय.

मिस्त्री पळाला, ते म्हणाले. उजाडल्यावर जुनाच रेडिएटर परत बसवला. "त्याला बदललेलं नको आहे, पोरी."

मी एवढंच विचारलं की बाबांनी स्वतः कधी नवा रेडिएटर मागितला होता का. वेल्डर मान खाली घालून म्हणाले, "तीनदा. आम्ही म्हटलं, डाग धरेल."

मग सगळे झोपायला घरी गेले. मी मागे थांबले आणि शटर खाली ओढून घेतलं.

दोन तास जुना सोडवण्यात गेले. नवा एकटीनं जागेवर बसवताना हात सोलले. तीन बोल्ट बसले. चौथा पट्टीच्या मागे. लाइटची वायर तिथवर येईना.

उजेड आला.

मी म्हटलं, दादा, जरा खाली. खाली आला. दादा झोपेतून उठला की नाकातून मोठा श्वास घेतो. मी श्वास ऐकायचा प्रयत्न केला.

नव्हता.

शटर उघडल्याचा आवाजही आला नव्हता...

टप.

मी मागे पाहिलं नाही. पाना लावला. एक आटा. दुसरा. पाना निसटला तसा उजेड थांबला. वाट पाहत राहिला. मी पुन्हा पाना लावला. पूर्ण आवळला. मग अंधार झाला.

साडेचारला काका, वेल्डर, आई आणि दादा आले. दादा रात्रभर घरात होता. त्यानं माझ्या मदतीला येऊ नये म्हणून आईनं त्याच्या खोलीला बाहेरून कडी घातली होती.

काकांनी जमिनीवरचा जुना रेडिएटर पाहिला आणि जवळचा पाना उचलला. "अजून अर्धा तास आहे. हाच परत बसव."

मी त्यांना खाली वाकायला लावलं आणि दादाच्या हातातली बॅटरी घेऊन मारली. तीन बोल्ट कोरे होते. चौथ्यावर पिवळी रेघ होती. मी बोट लावलं. ओली होती, बोटाला रंग आला. वर फळीवर बाटली तशीच दगड होऊन पडली होती, तिच्यावरची धूळसुद्धा मोडली नव्हती.

"नाही बसवणार," मी म्हटलं. "बाबा तुम्हाला अडवायला आले नव्हते, काका. उजेड धरायला आले होते. तुम्ही काम टाकून पळालात."

दादा केबिनमध्ये चढला. आईनं त्याला थांबवलं नाही. वेल्डर भिंतीकडे बघत होते. काकांच्या हातात पाना तसाच होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही, आणि ते निघूनही गेले नाहीत.