न आलेला आवाज

प्रयोगशाळेतल्या पडद्यावर दहावी 'ब'चा वर्ग हिरव्या रेषांनी उमटला होता. प्रत्येक रेषा म्हणजे एका विद्यार्थ्याचा मेंदू, कानामागच्या पातळ संवेदक-पट्टीने टिपलेला. मधली रेषा डॉ. वैदेही तांबट यांच्या मुलाची, ओजसची होती.

"आपण कुणाच्या बोलण्याची वाट पाहतो, तेव्हा मेंदू तो आवाज आधीच रचून ठेवतो," त्यांचे सहकारी डॉ. फिरोज मुलाणी वर्गशिक्षिका गवळीबाईंना समजावत होते. "आवाज आलाच नाही, तर ती रचना रिकामी कोसळते. तो अपेक्षा-तरंग."

"म्हणजे न आलेला आवाजही दिसतो?"

"आणि कुणाचा, तेही. शाळेतल्या, घरच्या सगळ्यांचे आवाज मुलांना आधी ऐकवून आम्ही प्रत्येकाचा स्वरठसा घेतलाय."

वैदेही बाईंकडे न पाहता पडद्याकडे पाहत होत्या. आपल्याला मुलगे आवडतात, हे ओजसने दिवाळीपूर्वी सांगितले ते गवळीबाईंना. आईला ते बाईंकडून कळले, तेही ओजसने होकार दिल्यावर. तेव्हापासून बाईंचे सारेच त्यांना खुपत होते. ओजसला "अरे राजा" म्हणणे तर फारच.

काल वैदेही निरीक्षक म्हणून वर्गात मागच्या बाकावर बसल्या होत्या. हजेरीत ओजसचे नाव आले. त्याने नेहमीसारखा नुसता हात वर केला आणि रोहिलने बारीक आवाज काढला, "आले गं बाई!" वर्ग खिदळला. गवळीबाईंनी रोहिलला उभे करून खडसावले. वैदेहींनी टिपण घेतले. निरीक्षकाने मध्ये बोलायचे नसते; हा नियम त्यांचाच होता.

फिरोजनी तो क्षण पडद्यावर आणला. टोमण्यापाशी ओजसची रेषा थरथरली, बाईंच्या आवाजाने सावरली. आणि मग सरळ खाली कोसळली.

"पण मी तर बोलले होते," गवळीबाई पुटपुटल्या.

"पुरेसं बोलला नसाल," वैदेही म्हणाल्या. हे म्हणताना आपल्याला बरे वाटले, हे त्यांच्या लक्षात आले.

फिरोजनी स्वरठसे पडताळले. "त्याने वाट पाहिली तो आवाज बाईंचा नाही."

"मग? एखाद्या मित्राचा?"

फिरोजनी खुर्ची वळवली. "वैदेही, तुमचा आहे."

वैदेहींनी तो क्षण मागे नेऊन ती रेषा पुन्हा पाहिली.

"मी विचारलं होतं त्याला," गवळीबाई हलकेच म्हणाल्या, "की घरी का बोलत नाहीस? तर म्हणाला, आई रागावणार नाही हो. आई नोंद घेईल."

ओजसच्या मनातल्या ज्या जागेचा वैदेहींना इतके दिवस हेवा वाटत होता, ती बाईंना मिळालीच नव्हती. ती वैदेहींसाठीच रिकामी ठेवलेली होती. तरीही हेवा गेला नाही. आता तो बाईंच्या कालच्या दोन-चार वाक्यांचा होता. ती बाईंना बोलता आली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजेरी.

"ओजस तांबट."

हात वर गेला.

"आले गं बाई!"

गवळीबाईंनी तोंड उघडले, मागच्या बाकाकडे पाहिले आणि थांबल्या. वैदेही उभ्या राहिल्या होत्या.

"बसा," कानातल्या यंत्रातून फिरोज म्हणाले. "सगळ्या नोंदी वाया जातील."

"जाऊ देत." मग मोठ्याने, "रोहिल, त्याच्या नावाला तो उत्तर देईल. तू नाही."

"मॅडम, गंमत केली."

"कुणाची?"

रोहिल बाकाकडे पाहू लागला.

"कोण कसं बोलतं, कुणाला कोण आवडतं, यात हसण्यासारखं काही नाही. परवा मी इथेच होते. तुम्ही हसलात आणि मी गप्प बसले. तुमच्याइतकंच माझंही चुकलं." त्या गवळीबाईंकडे वळल्या. "बाई, पुन्हा नाव घ्या."

"ओजस तांबट."

पलीकडे फिरोज त्याची रेषा वाचत असणार. वैदेहींनी कानातले यंत्र काढून बाकावर ठेवले.

"हजर," मागे न वळता ओजस म्हणाला.