तेवीस नंबरचा जड क्रेट

"यात बसल्यावर टोचतं!" किटलीने जाहीर केलं.

किटली सहा वर्षांचा होता. रिकाम्या क्रेटमध्ये बसून बघायचं काम त्याला कुणीही दिलेलं नव्हतं. तरी सकाळपासून त्याने बावीस क्रेट अगदी मनापासून तपासले होते.

"तो तेवीस नंबरचा. बाजूला ठेव," त्याची ताई मान वर न करता म्हणाली. "तो रद्द झालाय."

ताईला सगळे काकडी म्हणत. तिची जेमतेम उंची बघता हे नाव कुणाला सुचलं, याचा तपास अजून लागलेला नाही.

उद्या शनिवार. उद्यापासून शेतावरच्या भाजीवाट्याचा हंगाम सुरू होणार होता. चाळीस घरांनी आधीच नावं नोंदवायची आणि सोळा शनिवार त्यांच्या दारात ताजी भाजी पोचवायची, अशी पद्धत. प्रत्येक घराचा क्रेट ठरलेला, त्यावर रंगवलेला नंबर. ड्रायव्हरकाका सकाळी भरलेले क्रेट देत सुटायचे आणि परतीच्या वाटेवर रिकामे गोळा करायचे. हंगामाआधी ते धुवायचं काम मुलांचं. काकडीच्या मदतीला यंदा सुट्टीसाठी आलेला आतेभाऊ होता. तो कशावरही वाद घालायचा, म्हणून वकील.

"रद्द का?" वकिलाने विचारलं.

काकडी जरा जास्तच जोरात ब्रश घासू लागली.

तेवीस नंबर शिट्टीचा होता. शिट्टी म्हणजे काकडीची मैत्रीण. पुढच्या दातांच्या फटीतून ती अशी शिट्टी वाजवायची, की काकडी जेवणाच्या ताटावरून उठून पळायची. गेल्या वर्षी हंगामाच्या तोंडावर शिट्टीच्या घरचे दूरच्या गावी राहायला गेले. भाजीच्या गाडीचा तो शेवटचा थांबा. निघताना दोघींनी ठरवलं होतं : जी जाईल तिने आधी लिहायचं. फोन नाही! फोनवर आया मध्येच घुसून "जेवलीस का?" विचारतात. चिठ्ठी रिकाम्या क्रेटमधून यायची होती.

काकडी दर शनिवारी संध्याकाळी फाटकावर उभी राहिली, क्रेट उतरवणाऱ्या बाबांच्या हातात चिठ्ठी दिसते का ते बघत. कुणी विचारलं तर फाटकाचा रंग ठीक आहे ना, ते बघायला आलेय म्हणायची. सोळा शनिवार. रंग ठीक होता. चिठ्ठी आली नाही.

आणि परवा शिट्टीच्या आईचा निरोप आला : "गेल्या वर्षी आमचा वाटा दर आठवड्याला कमी होत गेला. यंदा आमचं नाव नको." म्हणजे आता गाडीसुद्धा तिकडे जाणार नव्हती.

यावरून घरात रणधुमाळी झाली होती.

"दहा किलो म्हणजे दहा किलो!" बाबा गरजले होते. "माझा काटा खोटं बोलत नाही!"

आईने ड्रायव्हरकाकांकडे बघितलं होतं.

"वहिनी, माझ्याकडे काय बघता? मी गाजर खात नाही. मला गाजराची भीती वाटते," काका म्हणाले होते. का, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नव्हती.

"पण हाच क्रेट का टोचतो?" वकील आता पेटला होता. "बाकीचे बावीस टोचले नाहीत. साक्षीदार इथेच आहे."

"आणि तो हलत पण नाही!" साक्षीदार क्रेट ओढत म्हणाला.

वकिलाने एक धुतलेला क्रेट काट्यावर ठेवला. दोन किलो. दुसरा. दोन किलो. मग तिघांनी मिळून तेवीस नंबर चढवला.

साडेपाच!

"मामा क्रेटचे किती किलो वजा करतो?"

"दोन. सगळ्यांचे दोनच," काकडी म्हणाली आणि तिचा ब्रश हातातच राहिला.

तिने तळाचं वर्तमानपत्र उचललं. खाली एक चपटा दगड. दगडाखाली घडी घातलेला कागद. त्याखाली आणखी एक वर्तमानपत्र, पुरवणीसकट. पुन्हा दगड. पुन्हा घडी!

"खजिना!" किटली ओरडला.

पहिल्या घडीवर लिहिलं होतं : 'फक्त काकडीला. दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला गणिताचा पेपर दोनदा.' वकील लगेच दोन पावलं मागे सरला.

काकडीने वाचलं. 'हे शेवटचं. लिहायचं नसेल तर नको लिहू. पण माझे दगड तरी परत पाठव.'

ती खाली खाली जात राहिली, तशी पत्रं लांब होत गेली. सर्वांत खालचं चार पानांचं होतं. 'काल इथे आपली शिट्टी वाजवली. पाच कुत्री आली. तू आली नाहीस.'

काकडी रडली नाही. तिने धुतलेला एक क्रेट पुन्हा धुतला.

"मामा!" वकिलाने हाक मारली. "तुझा काटा खोटं बोलतो का?"

"कधीच नाही!" बाबा पालकाच्या जुड्या घेऊन आले.

"मग तळात काय आहे?"

बाबांनी दगडांकडे बघितलं. "हे होय? बाकी घरचे कागद काढून क्रेट पाठवतात. या घरून कागद जागेवरच यायचा, वर दगड ठेवून. मला वाटलं तिकडे वारा फार असेल. सोय चांगली होती, म्हणून क्रेट परत आला की त्यावरच नवा कागद घालत गेलो."

"सोळा वेळा?" आईने दारातून विचारलं.

बाबा काट्याकडे बघू लागले. काटा काहीच बोलला नाही. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

आईने तिथूनच शिट्टीच्या आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून हसू ऐकू आलं. मग आई म्हणाली, "हो हो, मागची राहिलेली भाजी पण यातच घालते. नाव पुन्हा लिहिते."

"पोरांनो, माझं चुकलं," बाबा म्हणाले. "तुम्ही नसतात तर आम्ही अजून काकांवरच संशय घेत बसलो असतो. यापुढे प्रत्येक क्रेट आधी उलटा करायचा. तपासनीस किटली!"

"पगार किती?" वकिलाने त्याच्या वतीने विचारलं.

"गाजरं," बाबा म्हणाले. आईमागे येऊन उभे राहिलेले ड्रायव्हरकाका हळूच बाहेर गेले.

शनिवारी गाडी सातला सुटली. काकडी पुढच्या सीटवर होती. मांडीवर पिशवीत सोळा दगड आणि रात्रभर पुन्हा पुन्हा लिहून शेवटी दोनच ओळींचं झालेलं एक पत्र. एकोणचाळीस घरं झाली. प्रत्येक दारात काका फार सावकाश उतरतात, हे तिच्या आजच लक्षात आलं.

शेवटच्या वळणाआधी लांबून शिट्टी ऐकू आली. पाठोपाठ पाच कुत्री धावत येऊन रस्त्यात उभी राहिली. काकांनी करकचून ब्रेक दाबला.

"यांना कुणी बोलावलं?"

"यांना नाही, काका!" काकडीने दार कधीच उघडलं होतं. "मला बोलावलंय!"