मागून मारलेली हाक

दार लोटून घे फर्गस, वारा आत येतोय. आणि ते दात काढणं जरा थांबव. लाइफ जॅकेट घरी विसरलास यात मिरवण्यासारखं काही नाही. तुझी बहीण बघ, खेकड्यांचे सापळे दुरुस्त करायला बसली तरी अंगातलं काढत नाही. कर्स्टी, दाखव याला. ही दोरी ओढली की गॅसची नळी फुटते आणि जॅकेट फुगतं. दोरीनं दगा दिला, तर खांद्याजवळच्या या रबरी नळीत तोंडानं फुंकायचं. तीन वर्षं होडी चालवतोयस, एवढं ठाऊक असेल अशी आशा आहे.

पाणी चढायला अजून दीड तास आहे. तोवर ऐका.

लॉकलनची गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत आहे. उरलेली मला डुगल्डनं सांगितली, याच खोलीत, तू बसलायस त्याच पेटीवर बसून. डुगल्ड कसा आहे ते तुम्ही जाणता. मासे किती मिळाले हे सांगतानासुद्धा ज्याला चार मासे वाढवून सांगता येत नाहीत, तो माणूस गोष्ट काय रचणार?

गेल्या नोव्हेंबरची अठरा तारीख, मंगळवार. लॉकलनची बायको इफी घर सोडून चालली होती. वरचं टोकाचं घर, पायऱ्या जिथून धक्क्याकडे उतरतात ते. एडिंबरातल्या कुणीतरी घेतलं, उन्हाळ्यात पंधरा दिवस राहायला. इफी पर्थला लेकीकडे निघाली होती आणि सामान न्यायला डुगल्डची गाडी ठरली होती. सातला खिंडीतला रस्ता दुरुस्तीसाठी बंद होणार होता, म्हणून डुगल्ड पहाटे साडेचारलाच तिच्या दारात हजर.

घरात खोकीच खोकी. इफीनं किटली तेवढी बांधायची ठेवली होती. दोघांनी उभ्याउभ्या चहा घेतला. दाराशेजारच्या खुंटीवर लॉकलनचं लाल जॅकेट लटकत होतं. डुगल्डनं विचारलं, हे कोणत्या खोक्यात टाकू? इफी म्हणाली, ते राहू दे. मग घड्याळाकडे बघून म्हणाली, पावणेपाचला जरा गप्प बस, पाचच मिनिटं.

डुगल्डला वाटलं, प्रार्थना करायची असेल. लॉकलनला जाऊन त्या दिवशी बरोबर दोन वर्षं होत होती. डोक्यावरची टोपी काढून तो खोक्यावर बसला.

बाहेर वारा नव्हता. कडक थंडीनं दहिवर गोठलं होतं, आवाज लांबून येत होता.

पावणेपाच झाले. दाराबाहेर गमबूट वाजले.

दार उघडलं नव्हतं. कोणी आलं नव्हतं. बूट नुसते दारापासून निघाले… आणि पायऱ्या उतरू लागले. जड माणूस. एक पाय किंचित ओढत चालणारा. लॉकलनचा डावा गुडघा कसा होता ते आठवतंय ना तुम्हाला? डुगल्डनं मोजल्या. बावीस पायऱ्या. जिथं लोखंडी कठडा वळतो तिथपर्यंत.

तिथं आवाज थांबला.

डुगल्ड इफीकडे बघत राहिला. ती खिडकीशी उभी होती, काचेला कपाळ लावून. हळूच म्हणाली, "रोज तिथं थांबतो. त्या दिवशीही थांबला होता. खिसे चाचपत होता. काहीतरी राहिलंय एवढं त्याला कळत होतं, काय ते आठवत नव्हतं."

"आणि तू?"

"मी इथंच होते. जॅकेट हातात घेऊन."

आता तुम्हाला सांगायला नको, समुद्रावर निघालेल्याला आपल्याकडे कोणी मागून हाक मारत नाही. निघालेला माणूस वळूनही बघत नाही. तुमची आजी तर तुमचे आजोबा धक्क्यावर पोचेपर्यंत खोकलासुद्धा दाबून धरायची. लग्न झालं त्या वर्षी इफीनं एकदा लॉकलनला हाक मारली होती, पावाचा डबा राहिला म्हणून. तो माघारी आला, बूट काढले आणि दिवसभर घरात बसून राहिला. होडी सोडली नाही. नंतर तिला म्हणाला, पुन्हा असं करू नकोस, जीव जातो माणसाचा. अडतीस वर्षं तिनं पाळलं. त्या पहाटेही पाळलं. मागून धावत जाऊन देणं म्हणजे तेच झालं असतं. ती जॅकेट छातीशी धरून उभी राहिली, आणि तो खिसे चाचपून पुढं निघून गेला.

दुपारी त्याची होडी आम्हाला सापडली. मी होतो शोधायला. इंजिन चालू, होडी स्वतःभोवती गोल गोल फिरतेय, आत कोणी नाही. सापळ्याची दोरी पायात अडकून ओढला गेला, असंच सगळे म्हणाले. थर्मासमधला चहा गरम होता. त्याला आम्ही किती शोधलं… जाऊ दे.

जॅकेटाचं तिनं कोणाला सांगितलं नाही. लेकीलाही नाही. दोन वर्षं रोज पावणेपाचला उठून ती खिडकीशी उभी राहायची आणि ओठ मिटून घ्यायची. भुतालासुद्धा मागून हाक मारायची तिला भीती वाटायची, पोरांनो. त्याचं आणखी काही वाईट होईल म्हणून.

"मी आज चालले," ती डुगल्डला म्हणाली. "तो उद्याही थांबेल तिथं. घरात कोणीच नसेल. उन्हाळ्यात ते लोक येतील, त्यांना काय कळणार तो कशासाठी थांबलाय?"

डुगल्ड मला म्हणाला, माझ्या तोंडून कसं निघालं देव जाणे. पण तो बोलून गेला, "इफी, आता आणखी काय वाईट व्हायचंय? मार हाक."

ती खिडकीपासून वळली. मग तिनं जॅकेट खुंटीवरून काढलं. दार उघडलं. बाहेर काळोख. खाली समुद्र.

"लॉकलन…"

पुन्हा म्हणाली.

"लॉकलन, अरे, जॅकेट राहिलं तुझं."

काही नाही.

काहीच नाही.

मग बूट वळले. दगडावर घासले ते डुगल्डनं स्पष्ट ऐकलं. आणि वर येऊ लागले.

एक.

दोन.

डुगल्ड मोजत होता. दहा… अकरा… डिझेलचा वास आला. त्यात आमिषाच्या मासळीचा. वीस. एकवीस.

बावीस.

इफीनं जॅकेट धरलेला हात काळोखात पुढं केला. डुगल्डला तिची पाठ दिसत होती आणि कोपर.

हात आत आला तेव्हा रिकामा होता.

"पट्टा बांध हं," ती म्हणाली. रोज निघताना म्हणावं तसं. "नुसतं अंगावर टाकू नकोस."

बूट उतरले. कठड्याशी या वेळी थांबले नाहीत. तसेच खाली गेले, धक्क्यावर गेले… मग ऐकू येईनासे झाले.

दोघं खोक्यांवर बसून राहिली. दार सताड उघडं, कोणी उठून लावलं नाही. इफी रडली का म्हणून मी विचारलं. डुगल्ड म्हणाला, ती नाही रडली, मी रडलो.

साडेपाचच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी एक दिवा दिसला. बारीक, पांढरा. लुकलुकत होता. होडीचा नव्हता, पाण्याला अगदी टेकून होता. भरतीबरोबर हळूहळू किनाऱ्याकडे येत होता. डुगल्ड टॉर्च घेऊन निघाला. पायऱ्यांवर दहिवर गोठून पांढरा थर झालेला. सबंध, कुठंही न मोडलेला. त्यावर पहिला पाय पडला तो डुगल्डचा.

दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर लाल जॅकेट येऊन लागलं होतं. टच्च फुगलेलं. खांद्यावरचा दिवा चालू. कमरेचा पट्टा नीट घातलेला, ओढून घट्ट केलेला.

आत कोणी नव्हतं.

डुगल्डनं ते तसंच वर आणलं. इफीनं पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, बांधला त्यानं. एवढंच. पर्थपर्यंत ओलं जॅकेट तिनं मांडीवर घेतलं होतं. डुगल्ड सांगतो, त्यानंतर त्या पायऱ्यांवर बूट वाजले नाहीत. मुद्दाम दोन-तीनदा पहाटे जाऊन बसला होता तो.

कुठं निघालास फर्गस? जॅकेट आणायला ना? शहाणा आहेस. पण दोन मिनिटं बस, एक राहिलंय.

पर्थला सामान उतरवताना डुगल्डनं जॅकेट उजेडात धरून नीट पाहिलं. दोरी ओढलेली नव्हती. गॅसची नळी भरलेली, तिच्यावरचं सील तसंच. कर्स्टी, तुझा हात खांद्याजवळच्या त्या रबरी नळीकडे गेला. तुला कळलं.

मे महिन्यात डुगल्ड तिला भेटून आला. जॅकेट तिच्या पलंगाशेजारी खुर्चीवर ठेवलेलं आहे, अजून तसंच फुगलेलं. लेक म्हणते, आई, हवा सोडून घडी करून ठेवू या, जागा अडते. इफी तिला त्या रबरी नळीला हात लावू देत नाही.