बारा चाकी ट्रेलर

“हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या,” फिटरकाका म्हणाले. “मध्येच कुणी खिदळलं तर मी उठून जाईन.”

वीज गेली होती. गच्चीवर सतरंजी टाकून भाचेपुतणे बसले होते. थोरल्या पुतणीने विचारलं, “काका, खरी आहे ना?”

“जिच्यावर बेतली ती माझी मालकीण. खोटं बोलायची तिला सवय नव्हती आणि मला गरज नाही. ऐका.”

मंगळवार संपून बुधवार लागला होता. डिसेंबरची नऊ तारीख. रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी यार्डातला फोन वाजला. यार्ड भाड्याच्या यंत्रांचं: पोकलेन, रोलर, जनरेटर, असं सगळं. मालकांच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, ते घरी उताणे पडून. कारभार त्यांच्या बायकोच्या, वहिनींच्या हाती. सगळं यार्ड त्यांना वहिनीच म्हणे. आवाज कधी चढायचा नाही. फोन उचलतानासुद्धा आधी मनात देवाचं नाव घ्यायच्या.

फोनवर तलावाचे इंजिनियर होते. “बांध पाझरतोय, बाई. खाली चाळीस घरं आहेत. माणसं हलवतोय, पण अंथरुणाला खिळलेले आहेत, तान्ही पोरं आहेत. उजाडायच्या आत पाण्याला बाजूने वाट काढून दिली तरच बांध टिकेल. मोठं पोकलेन पाठवा.”

“पाठवते,” वहिनी म्हणाल्या. आणि पदर खोचून बाहेर आल्या.

बाहेर धाकटे दीर आधीच हजर. त्यांनी दोन एक्सलचा ट्रेलर पुढे काढायला लावला होता.

“हा नको, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या.

“का? पोकलेनचं वजन कागदावर तेरा टन. ट्रेलर चौदाचा. बसतंय की!”

“कागदावरचं पोकलेन कोरडं असतं. आपल्याला खडक फोडायचा हातोडा लावलाय, टाकी काठोकाठ भरलीय, पट्ट्यांत दोन बोटं चिखल वाळलाय. सोळाच्या खाली येत नाही. वर चढाचा रस्ता. चढावर वजन मागे सरकलं की ट्रेलर गाडीला झुलवतो. तो कोपऱ्यातला जोडा. तीन एक्सलचा.”

पोकलेन चालवणारे मामा तंबाखू मळायचे थांबले.

कोपऱ्यातल्या त्या बारा चाकी ट्रेलरला दोन वर्षं कुणी शिवलं नव्हतं. रात्री त्याच्याभोवती आवाज यायचा. लोखंडी सळईने टायर ठोकून हवा पाहतात ना, तसा. ठण्... ठण्... एकेक चाक. आणि तशी ठोकायची सवय एकाच माणसाची होती. तात्यांची. यार्डातले सगळ्यात जुने ड्रायव्हर. चढावर चाकामागे लावायला नदीतले दगड निवडून आणणारेही तेच. चढावरच्या तिसऱ्या वळणावर हूक तुटून ते गेले, त्यालाही दोनच वर्षं झाली होती.

“वहिनी, भलतंसलतं नको,” दीर म्हणाले. “त्यात तात्या आहेत.”

“असू देत. मला एक सांगा, त्या रात्री तात्या कुठला ट्रेलर मागत होते?”

दीर नजर चुकवून दोन एक्सलच्या ट्रेलरची कडी चाचपू लागले.

“हाच मागत होते. तुम्ही म्हणालात, एवढा थोरला कशाला, छोट्याने भागतंय. ज्या ट्रेलरने माणूस गेला तो तुम्ही रोज जोडता, आणि ज्याच्यासाठी माणूस भांडला त्याला घाबरता! कमाल आहे तुमची.”

“मी नाही ओढणार तो,” पाळीवरचा ड्रायव्हर म्हणाला आणि किल्ली बाकावर ठेवली.

“ओढू नका. घरी जा, गरम पाणी घेऊन झोपा.” वहिनींनी किल्ली उचलली. ट्रक चालवायला त्यांना तात्यांनीच शिकवलं होतं. “मामा, तिथे पोकलेन चालवायला तुम्ही लागाल. येणार, की तेही मीच करू?”

मामांनी हातातली तंबाखू टाकून दिली. “येतो. पण डोळे मिटून बसेन.”

“चालेल. डोळे माझे आहेत.”

“पिन मी लावली,” फिटरकाका म्हणाले. “पोकलेन चढवलं ते वजन एक्सलच्या जरा पुढे ठेवून, म्हणजे हूक दाबून बसतो. चार कोपऱ्यांना चार साखळ्या. वहिनींनी बाराही चाकांत हवा भरून घेतली आणि प्रत्येक साखळी स्वतः लोंबकळून पाहिली. पुढचं त्या दोघांनी सांगितलं, वेगवेगळं बसवून विचारलं तरी तेच.”

एक वाजून वीस मिनिटांनी गाडी निघाली. सपाटीवर काही झालं नाही. मामांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

“वहिनी, उगाच घाबरलो बघा.”

“हं.”

दोन वाजता चढ लागला. पहिलं वळण. दुसरं.

मग मागून आवाज आला.

ठण्...

मामा म्हणाले, “साखळी असेल.”

ठण्... ठण्...

साखळी खळखळते. हा आवाज रबरावरचा होता. आणि गाडी चालू होती. फिरत्या चाकांवर कोण ठोकणार?

“आरशात बघू नका, वहिनी.”

वहिनींनी बघितलं. मागच्या लाल दिव्यात रस्ता दिसत होता. बाकी काही नाही.

तिसऱ्या वळणावर दरडीची खडी सांडलेली. वाट अर्धी बुजलेली. वहिनींनी ब्रेक दाबला. गाडी थांबली.

थांबली... आणि मग सरकली.

मागे.

खडीवर चाकं धरेनात. कर्र... कर्र... इंच इंच. उजव्या हाताला दरी.

ठण्.

डावीकडे.

ठण्.

उजवीकडे. मग मागे. मग दाराच्या अगदी खाली...

मामांचे ओठ नुसते हलत होते.

वहिनींचे दोन्ही पाय ब्रेकवर. देवाचं नाव अर्धं आलं... अर्ध्यावर राहिलं. आणि ज्यांचा आवाज कधी चढला नाही, त्यांनी काच खाली करून अंधारात आवाज चढवला:

“वाजवा! हवं तेवढं वाजवा, तात्या! बाराच्या बारा चाकांत हवा मी पाहिलीय. एखादं मऊ लागलं तर सांगा. नाही तर वाटेतून बाजूला व्हा! खाली चाळीस घरं आहेत. पोकलेन आज वर जाणार. तुमच्यासकट जाणार, तुमच्याशिवाय जाणार, पण जाणार!”

शांत.

खडीसुद्धा वाजेना.

मग मागे... धप्प.

पुन्हा धप्प.

एकूण किती वेळा, ते दोघांनाही आठवत नाही.

गाडी जागच्या जागी घट्ट. वहिनींनी पाय हलके उचलले. सरकली नाही. पहिला गियर. बारा चाकांनी खडी चावली आणि ट्रेलर सरळ, न झुलता, वळण घेऊन वर गेला.

मामा तलावापर्यंत डोळे मिटून बसले. पण पोकलेनवर चढले ते वेगळेच मामा होते. सव्वातीनला पहिला घाव घातला. सहाला पाच कमी असताना पाणी बाजूच्या चरातून घुमत निघालं. बांध राहिला. एका घरात कुणी तरी चूल पेटवली, तो धूर पाहून वहिनी पायरीवर बसून मनसोक्त रडल्या.

“मग?” धाकट्या पुतण्याने विचारलं.

“मग काय. नऊ वाजता दोघं परत निघाली. खालून दीर आणि मी जीप घेऊन सामोरे गेलो होतो. तिसऱ्या वळणावर भेट झाली. लख्ख ऊन. आम्ही चौघांनीही ते पाहिलं.”

कुणी हसलं नाही.

“चढावर गाडी थांबली की चाकामागे एखादा दगड लावतात. फार तर दोन. तिथे सहा होते. तीन एक्सल, डावी-उजवी बाजू, बरोबर सहा. एका ओळीत, नीट, टायरच्या मापाने. तो डोंगर काळ्या खडकाचा. दगड मात्र गोल, गुळगुळीत, नदीतले. नदी तिथून बारा मैलांवर. दिरांनी वाकून एकाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.”

“गरम होता?”

“नाही रे. सात तास झाले होते, ऊन चांगलं वर आलं होतं...”

“मग?”

“सहाही दगडांतून पाणी ठिबकत होतं.”