सूर्यास्तानंतरचं जेवण

जयसिंगपूरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आदिती मगदूमला छत्तिसाव्या वर्षी रानात एकटीनं मुक्काम करायची हुक्की आली, आणि घरादाराला वाटलं, हिचं डोकं फिरलंय. शेवटी धाकट्या भावानं, पारसनं, तोड काढली.

"एक रात एकटी राहून दाव, अक्का. उजाडायच्या आत फोन केलास, तर पुन्हा नाव काढायचं न्हाय. न्हाय केलास, तर कुठं बी जा. कोण आडवं येणार न्हाय."

डिसेंबरातल्या शनिवारी एसटी बिद्री मागं टाकून गारगोटीला पोचली. तिथून वडापची खच्चून भरलेली जीप, मग धनगरवाडा, मग तासभर चढण. पठारावर काळा कातळ, वाळकं गवत आणि कड्याखाली दूरवर उसाचे हिरवे चौकोन. तंबू पहिल्याच झटक्यात उभा राहिला. आदिती स्वतःवरच जाम खूश झाली.

घरची रीत जैनांची, दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. तिनं पाणी गाळलं, तीन दगडांच्या चुलीवर कांदा-लसणाविना मुगाची खिचडी रटरटवली, साडेपाचलाच जेवली, पातेलं घासून पालथं घातलं, चूल विझवली. सूर्य बुडाल्यावर पाण्याचा घोटसुद्धा नाही. कॉलेजच्या सहलीतही हा नेम तिनं कधी मोडला नव्हता.

अंधार पडला तशी ती तंबूत शिरली. सातच्या सुमारास लसणाच्या फोडणीचा खमंग वास आला.

वारं धनगरवाड्याकडून येत असणार, मास्तरणीच्या डोक्यानं सांगितलं. मग तंबूच्या कापडावर तांबूस उजेड हलला. बाहेर पळी पातेल्याला लागली. कुणीतरी निवांत जेवत होतं, बोटं चाटत.

"कोण हाय?"

आवाज थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

फोनला रेंज होती. तिनं पारसच्या नावावर अंगठा नेला. एकदा दाबला की संपलं सगळं. मग जन्मभर कुणाच्या तरी गाडीवर मागं बसूनच फिरायचं. तिला भीती वाटत होती. पण त्याहून जास्त राग आला.

तिनं फोन पिशवीच्या तळाशी कोंबला.

"जेवा सावकाश," ती मोठ्यानं म्हणाली. "मला झोप आलीया."

आणि खरंच झोपली.

उजाडलं. खालचं खोरं धुक्यानं काठोकाठ भरलं होतं. आदिती कड्याजवळ उभी राहिली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, "जिंकलं रे!" चूल गार होती, पातेलं जसंच्या तसं पालथं. स्वप्न असेल, नसेना का! रात्र तर काढली होती. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

गुणगुणत ती खाली उतरली, तर धनगरवाड्यात पिराजी नावाच्या धनगराच्या अंगणात पारस चहा पीत बसलेला.

"राहवलं न्हाय गं. काल आठाला वर येऊन बघून गेलो. पर हरलो, अक्का. आता हिमालयात जा!"

आदितीनं त्याच्या पाठीत एक दणका घातला आणि त्याचाच कप ओढून घेतला. "वर आलास, आणि हाक न्हाय मारलीस व्हय?"

"मारणारच होतो. तू चुलीम्होरं जेवत बसलीवतीस." त्यानं डोळा मारला. "आईला न्हाय सांगत, रातीचं जेवलीस ते."

कप तिच्या ओठांशीच थांबला.

"मला बघून हसलीस की. मग ओठावर बोट ठेवलंस आणि तंबूकडं दावलंस." पारस जरा पुढं वाकला. "आत कोण झोपलं होतं गं?"