दोकमानची सळई

दोकमान त्या सकाळी मातबोंग डोंगर चढायला लागला तो एका बोकशिनसाठी. मेलेल्या पाइनच्या कुजत्या मुळाला मातीखाली धरणारा हा बुरशीचा गड्डा. मूळ त्याच्या पोटातून आरपार गेलेलं असलं तरच तो बोकशिन. त्याच्या काढ्याने झोप लागते. बायको गेल्यापासून सात महिने दोकमानच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

पाच वर्षांपूर्वी हा उतार वणव्यात जळाला. आता नुसती खोडं उरली होती. दोन दिवसांच्या पावसाने पायवाट वाहून गेलेली. तो हातापायांवर चढला, दोनदा घसरला, कोपर सोलवटलं. पूर्वी असं झालं की त्याचा जोडीदार छुनबे खदाखदा हसायचा. तीस वर्षं एकाने मातीत सळई खुपसायची, दुसऱ्याने टोकाला गड्ड्याचं पांढरं पीठ लागलंय का ते पाहायचं. मग एका खोडापाशी सळई आधी कुणी रोवली यावरून फाटलं. तीन वर्षं बोलणं बंद. आजही छुनबे खाली, हाकेच्या अंतरावर, पाठ फिरवून खणत होता. दोकमानला फार एकटं वाटलं.

त्याने सळई खुपसली. टोकाला पांढरं पीठ! उकरलं, तर कोबीएवढा गड्डा, आणि मधोमध मूळ! "लागलं रे!" तो ओरडला, आणि ऐकायला कुणी नाही हे आठवून ओशाळला.

गड्डा सोडवायला त्याने पलीकडे सळई रोवली. ती मुठीपर्यंत आत गेली. शेजारी खुपसली. तीच गत! एकही मूळ आडवं येईना. सगळी कुजून गेली होती; ओल्या डोंगराला धरून ठेवायला काही उरलं नव्हतं. वरच्या अंगाला बोटभर भेग होती. पाहता पाहता ती वीतभर झाली.

"छुनबे! पळ! डोंगर सुटतोय!"

"तीन वर्षांनी तोंड उघडलंस ते हे?" छुनबेने मानही वर केली नाही. "मला हुसकून माझं खोड लाटतोस होय?"

"अरे गाढवा, खरंच सांगतोय!"

"गाढव तुझा बाप!"

खडे निसटू लागले. दोकमानने सळई उपसली. वडिलांची सळई, मुठीवर त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलेली. जिवंतपणी सळई सोडणारा माणूस त्या डोंगरात कुणी पाहिला नव्हता. त्याने ती भिरकावली! खणखणत ती छुनबेच्या पायाशी पडली.

छुनबेने सळईकडे पाहिलं. वर पाहिलं. आणि पळत सुटला!

दोकमानही पळाला. बोकशिन तिथेच राहिला. दोघांनी कडेच्या जिवंत ओकांच्या बुंध्यांना मिठ्या मारल्या, आणि मागे सबंध उतार खोडांसकट दरीत गेला!

छुनबे चिखलाने माखून वर आला. हातात दोकमानची सळई होती.

"माझी गेली," तो म्हणाला. "ही तेवढी उचलली. नाहीतर तुझ्या बापाने स्वप्नात येऊन जीव खाल्ला असता. लागलं होतं काही?"

"बोकशिन. कोबीएवढा."

"गप रे! लसणाएवढा असेल."

छुनबेने भाताचा गोळा मोडून अर्धा त्याला दिला, आणि त्या खोडापाशी आपलीच सळई कशी आधी होती, हे पहिल्यापासून सांगायला घेतलं. अर्ध्यावर त्याने वळून पाहिलं. ओकला टेकून, हातात भात तसाच धरून, दोकमान घोरत होता.