तिसरा आकडा

पटो न पटो, हे झालेलं आहे. ज्यांना थाप वाटेल त्यांनी इथेच थांबावं, मी हुज्जत घालणार नाही. ज्या घरावर हे ओढवलं, त्या घरात मी जेवलोय, खेळलोय.

आणि रात्र-बित्र नव्हती बरं का.

भर दुपार होती. १९९४ सालचा मे महिना. इंदूर, छावनीतलं पहिल्या मजल्यावरचं एक ऑफिस.

माझी मामेबहीण अनुश्री तिथे कॉम्प्युटरवर नकाशे काढायची. ऑफिस शंकररावजींचं. तिचे बाबा, म्हणजे माझे लक्ष्मीकांतमामा, परदेशीपुऱ्यातल्या एका कापडमिलमध्ये ड्राफ्ट्समन होते. मिलचं नाव सांगत नाही. मिल बंद पडली, तीन वर्षं कुलूप लागलं, आणि मग आतली यंत्रं भंगारात काढायचं ठरलं. ठेकेदाराला आधी नकाशा हवा होता. लोखंड कापायच्या गॅस सिलिंडरची गाडी कुठून न्यायची, माणसं कुठे उभी करायची, ते त्यावरून ठरणार होतं.

मामांनी मिलमध्ये जाऊन मापं घ्यायची, वहीत लिहायची, आणि अनुश्रीनं ती कॉम्प्युटरवर काढायची, असं काम वाटून घेतलं होतं. त्याच ठेकेदाराकडे अनुश्रीचा मोठा भाऊ आशिष गॅसकटर चालवायचा. सोमवारपासून तिथल्या लूमखात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, तोच उभा राहणार होता.

मापं संपत आली, आणि मामा गेले. झोपेतच.

मापवहीच्या शेवटच्या पानावर लूमखात्याचा कोपरा काढलेला होता. तिथे लाल पेन्सिलीनं एक गोल, आणि शेजारी मामांचं अक्षर...

"खाली पोकळ वाटतं. माप उद्या."

तो उद्या काही उजाडला नाही.

अनुश्रीनं तो गोल नकाशात घेतला नाही. का? मामांनीच लहानपणापासून तिच्या डोक्यात भरवलं होतं, की जे मोजलं नाही ते काढायचं नाही. अंदाजानं रेघ ओढलेली त्यांना खपायचीच नाही. तिनं ठरवलं, संध्याकाळी दादाला तोंडीच सांगू.

ते सांगायचं राहिलं. का राहिलं, तेच तर सांगतोय.

तो नकाशांचा प्रोग्राम म्हणजे एक नंबरचा खडूस. बाकीचे प्रोग्राम बंद करताना विचारतात, काम ठेवून देऊ का? वाय दाबा, काम वाचलं. हा उलटं विचारायचा... केलेलं सगळं टाकून देऊ का? सवयीनं बोट वायवरच जायचं, आणि झालं, दिवसभराची मेहनत पाण्यात! कुठल्या दीडशहाण्यानं बनवलं होतं, देव जाणे.

गुरुवारी दुपारी अडीच वाजता नकाशा पुरा झाला. ती प्रोग्राम बंद करायला गेली. प्रश्न आला. बोट पडलं.

वाय.

"अरे यार! गेलं सगळं!"

शंकररावजी आतूनच बोलले, "परत वाय दाबलंस ना, बेटा? शनिवारी देना है भई. आता रडत बसू नको, लाग कामाला."

तिनं फाइल उघडली. लूमखातं कोरं झालं होतं. पण कर्सर...

कर्सर एकाच जागी उभा होता.

कर्सर कुठे आहे त्याचे आकडे वरच्या पट्टीत दिसायचे. तिनं सहज वाचले. १८.४०. ६.२५. आणि तिसरा, उणे ३.१०.

पहिले दोन म्हणजे खात्याच्या दारालगतच्या कोपऱ्यापासूनची अंतरं, मीटरमध्ये. तिसरा उंचीचा. पण तिचा नकाशा सपाट होता. तिसरा आकडा कायम शून्यच असायचा.

तिनं माउस हलवला. शून्य झाला.

घरी आली ती कपाळ धरूनच. आशिषनं विचारलं, "काय गं अनु, तोंड का उतरलंय?" तर तासभर त्या प्रोग्रामच्या नावानं बोटं मोडत बसली. मोडणारच हो, हातचं काम गेलं की माणसाला दुसरं काही सुचतं का? पोकळ जागेचं बोलायचं मात्र साफ विसरली.

शुक्रवारी तिनं मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली, "एन दाबणे". अडीच वाजता नकाशा परत पुरा झाला. प्रश्न आला. तिनं चिठ्ठी वाचली आणि एन दाबलं. हे ती आजही छातीवर हात ठेवून सांगते.

तरी सगळं गेलं.

आणि पट्टीत तेच आकडे... १८.४०. ६.२५. उणे ३.१०.

"तूच दाबलं असशील," शंकररावजी म्हणाले. "मशीन क्या झूठ बोलेगी?"

त्या रात्रीही घरात तेच रडगाणं. आशिष हसून म्हणाला, "छोड ना यार, मशीनच आहे ती." दादाला सांगायचं ते परत राहिलं.

शनिवारी ती हुशारीनं वागली. जेवायच्या सुट्टीआधीच नकाशा फ्लॉपीवर उतरवून फ्लॉपी पर्समध्ये टाकली. मग हात मांडीवर घेऊन नुसती पडद्याकडे बघत बसली.

अडीच वाजले.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना. खाली छावनीचा भरला बाजार होता, तिथूनही काही ऐकू येईना.

पडद्यावर प्रश्न आला... तिनं कशालाही हात न लावता.

आणि तिच्या डोळ्यांदेखत वायचं बटण खाली गेलं. आपोआप.

घाबरायला हवं होतं. पण दोन दिवसांचा राग इतका साचला होता, की ती दात-ओठ खात म्हणाली, "थांब, दाखवतेच तुला." फ्लॉपी लावली आणि नकाशा प्लॉटरवर, म्हणजे पेननं नकाशे काढणाऱ्या यंत्रावर, सोडला.

प्लॉटरचं पेन सरसर फिरलं. भिंती आल्या, खांब आले, नकाशा पुरा झाला. पेन जागेवर परत जायला हवं होतं...

गेलं नाही.

ते लूमखात्याच्या कोपऱ्याकडे सरकलं आणि कागदावर आपटायला लागलं. शाई उमटत नव्हती. नुसता आवाज.

टक.

टक.

टक...

ठब.

शेवटचा आवाज पोकळ होता. मामा मिलमध्ये जमिनीवर काठी ठोकत चालायचे, तसाच. तिच्या मनात काहीतरी येऊ लागलं होतं, अगदी ओठांवर आलं होतं, तेवढ्यात शंकररावजींनी कागद ओढला. "पेन सुकलं असेल. चलो चलो, ठेकेदाराचा माणूस खाली उभा आहे."

कागद गेला. नकाशा एकदाचा सुटला, म्हणून अनुश्री त्या संध्याकाळीच आडवी झाली आणि रविवारभर ढाराढूर झोपली. आशिष पहाटेच बेटम्याला मित्राच्या लग्नाला गेला होता, उशिरा परतला.

सोमवारी सकाळी अकरा वाजता, नकाशात मोकळी दिसत होती त्याच जागेवरून, आशिष सिलिंडरची गाडी ढकलत निघाला. खालचा कोबा एकदम बसला. खाली जुनं पाण्याचं टाकं होतं, कधीकाळी फळ्या टाकून वरून बुजवलेलं. तो आत गेला, आणि गाडी त्याच्या अंगावर पडली.

माझ्या आशिषला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

दुपारी हवालदार पंचनामा लिहीत होता. एकानं दारालगतच्या कोपऱ्यापासून टेप लावली आणि ओरडला, "अठरा चाळीस!"

अनुश्री मागे माझ्याजवळ उभी होती. पुढचे दोन आकडे तिनंच सांगितले.

"सहा पंचवीस. खोली तीन दहा."

त्यांनी मोजून पाहिलं. तंतोतंत.

"आपको कैसे मालूम?" हवालदारानं विचारलं.

ती तिथेच मातीत बसली. माझा हात धरून म्हणाली, "बाबा तीनदा नको म्हणाले रे. आणि मी शिव्या घालत बसले."

या गोष्टीला खूप वर्षं झाली. अनुश्रीनं परत नकाशा काढला नाही. ती मापवही माझ्याकडे आहे, मामींना घरात नको होती. शेवटचं पान मी एकदाच उघडलंय. "माप उद्या" वर काट मारलेली आहे, आणि खाली लाल पेन्सिलीनं तीन आकडे लिहिलेत. अक्षर मामांचं. अनुश्री शपथेवर सांगते, ती नकाशा काढत होती तेव्हा ते तिथे नव्हते.

पहिले दोन आकडे मामांनी मरायच्या आधीच घेतले असतील, असं मी स्वतःला समजावतो. पण तिसऱ्याचं काय करू?

कोबा तर सोमवारपर्यंत अख्खा होता. खोली मोजायला माणसाला खाली उतरावं लागतं.